माशांच्या मेंदूंची वजने करून उत्क्रांतीचा क्रम लावता येतो का?

शिक्षिका, फोंडा

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी अकरावीच्या काही विद्यार्थ्यांनी निवडलेला विषय मला मनापासून आवडला आहे. परंतु त्याच्या मांडणीविषयी माझ्या मनात शंका आहेत आणि काम सुरू होण्यापूर्वी त्या जाणकारांसमोर ठेवाव्यात असे वाटले.

मुलांची योजना अशी आहे. बाजारातून बांगडा, तारले, इसवण, चणक, सांगट (कॅटफिश) आणि लहान मोरी (शार्क) असे मासे आणायचे, प्रत्येकाचे वजन करायचे, कवटी उघडून मेंदू काढायचा, त्याचेही वजन करायचे आणि मेंदूच्या वजनाला शरीराच्या वजनाने भागून येणाऱ्या आकड्यानुसार मासे चढत्या क्रमाने लावायचे. ज्याचे प्रमाण मोठे तो मासा ‘अधिक उत्क्रांत’, हे त्यांनी आधीच गृहीत धरले आहे. त्याच तक्त्याला पुढे बेडूक, पाल, कबुतर, मांजर आणि माणूस यांचे पुस्तकांतील आकडे जोडावेत, अशीही त्यांची इच्छा आहे. या कल्पनेबद्दल मुलांना दोष देता येत नाही, कारण मासा, बेडूक, सरडा, पक्षी आणि सस्तन प्राणी यांचे मेंदू एका ओळीत काढलेली आकृती आपण सर्वांनीच शाळेत पाहिली आहे आणि ती ओळ म्हणजे प्रगतीचा क्रम असेच आपल्याला वाटत आले आहे.

माझी पहिली शंका या भागाकाराविषयी आहे. घरातील लहान उंदराचा मेंदू त्याच्या वजनाच्या साधारण २ टक्के भरतो आणि माणसाचाही जवळजवळ तितकाच. मग हे प्रमाण नेमके काय मोजते? दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. हाडे आणि दात दगडात टिकून राहतात, मेंदू मात्र मऊ असल्यामुळे मृत्यूनंतर लवकर कुजतो. असे असताना कोट्यवधी वर्षांत मेंदू कसा बदलला, हे संशोधक कोणत्या पद्धतींनी ठरवतात? तिसरा प्रश्न व्यावहारिक आहे. एक बऱ्यापैकी अचूक वजनकाटा, साधा सूक्ष्मदर्शक आणि मोबाइलचा कॅमेरा एवढ्याच साधनांवर या मुलांना प्रामाणिक म्हणता येईल असे काही करता येईल का? कृपया सविस्तर लिहावे. मी हे सर्व मुलांना वाचून दाखवणार आहे.

निवृत्त प्राध्यापक, मडगाव

आपल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर इतर मंडळी माझ्यापेक्षा अधिक चांगले लिहितील. मी पहिल्या शंकेपासून आणि त्या ओळीत मांडलेल्या आकृतीपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ तिथेच आहे.

आज बाजारात मिळणारा बांगडा हा आपला पूर्वज नाही. बांगडा आणि माणूस हे दोघेही आजचे जीव आहेत आणि त्यांच्या समान पूर्वजापासून दोन्ही वंशरेषांनी अगदी सारखाच काळ पार केला आहे. म्हणून ‘कमी उत्क्रांत मासा’ या शब्दांना जीवशास्त्रात अर्थ नाही. विल्यम होडोस आणि सी. बी. जी. कॅम्पबेल यांनी १९६९ साली नेमकी हीच तक्रार मांडली होती: तुलनात्मक मानसशास्त्रातील अभ्यासक उंदीर, मांजर आणि माकड यांना एकाच शिडीच्या पायऱ्या समजतात, प्रत्यक्षात हे प्राणी एकाच वृक्षाच्या वेगवेगळ्या फांद्यांची टोके आहेत. एवढी वर्षे लोटली तरी ती शिडी आपल्या पाठ्यपुस्तकांतून हटलेली नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

आता भागाकाराकडे येऊ. शरीर दुप्पट झाले म्हणून मेंदू दुप्पट होत नाही. तो त्याहून कमी वेगाने वाढतो. म्हणूनच लहान प्राण्यांत हे प्रमाण आपोआप मोठे दिसते आणि आपण दिलेले उंदराचे उदाहरण त्याचेच द्योतक आहे. हॅरी जेरिसन यांनी १९७३ साली यावर एक उपाय लोकप्रिय केला. सस्तन प्राण्यांत दिलेल्या वजनाच्या शरीरासाठी किती मेंदू अपेक्षित आहे हे आधी काढायचे आणि प्रत्यक्ष मेंदूला त्या अपेक्षित आकड्याने भागायचे. त्यांचे सूत्र असे: ग्रॅममधील शरीराच्या वजनाचा दोन-तृतीयांश घात काढून त्याला ०.१२ ने गुणले की अपेक्षित मेंदूचे वजन ग्रॅममध्ये मिळते. ६५ किलो वजनाच्या माणसासाठी ते साधारण १९४ ग्रॅम येते. प्रत्यक्षात मेंदू १३५० ग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे अपेक्षेच्या सुमारे ७ पट. आपल्या मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

परंतु हे सूत्र सस्तन प्राण्यांसाठी आहे आणि तिथेही तो घात दोन-तृतीयांश घ्यावा की तीन-चतुर्थांश, यावर दीर्घ वाद झालेला आहे. घात बदलला की प्राण्यांचे क्रमही बदलतात. शिवाय वेगवेगळ्या गटांत हे नाते वेगवेगळे असते. बेडूक आणि मांजर यांना एकाच रेषेवर बसवून काढलेला आकडा काहीच सांगत नाही.

माशांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे आणि आपल्या प्रकल्पाला ती थेट भेडसावेल. बहुतेक मासे आयुष्यभर वाढत राहतात आणि त्यांचा मेंदूही वाढत राहतो, मात्र शरीराइतक्या वेगाने नव्हे. लहान इसवण आणि मोठा इसवण यांच्या मेंदूंचे प्रमाण काढले तर लहानाचे प्रमाण मोठे येईल. जात एकच असूनही तक्त्यात मात्र दोन वेगळ्या ‘पायऱ्या’ दिसतील. एका जातीतील लहान-मोठ्या व्यक्तींमधील नाते, एका जीवाच्या वाढीतील नाते आणि अनेक जातींमधील नाते या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की उत्तर हातचे जाते.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मी शेवटी ठेवला आहे. समजा, आपण बारा जातींचे मासे मोजले आणि भक्षक माशांचे मेंदू मोठे आढळले. हे बारा स्वतंत्र पुरावे आहेत का? त्यांपैकी सहा एकाच कुळातील असतील, तर मोठा मेंदू त्यांच्या समान पूर्वजात एकदाच आला असेल आणि सहाही जातींनी तो केवळ वारशाने घेतला असेल. मग तो पुरावा एकच, सहा नव्हेत. जोसेफ फेल्सेन्स्टीन यांनी १९८५ साली हा प्रश्न नेमका मांडला आणि त्याचे गणिती उत्तरही दिले. जातींची थेट तुलना करण्याऐवजी वंशवृक्षावर शेजारी असलेल्या फांद्यांमधील फरक घ्यायचे, कारण दोन फांद्या वेगळ्या झाल्यानंतर त्यांत घडलेले बदल परस्परांपासून स्वतंत्र असतात. पुढे या विचारातून अनेक सांख्यिकी पद्धती निघाल्या आणि आज वंशवृक्ष विचारात न घेता केलेली मेंदूंची तुलना सहसा अपुरी मानली जाते. आपल्या यादीतच पाहा. बांगडा आणि इसवण हे दोघेही स्कॉम्ब्रिडी या एकाच कुळातले आहेत, तर मोरीची वंशरेषा हाडांच्या माशांपासून ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली. बाजारात हे सगळे एकाच टोपलीत असले, तरी त्यांच्यातील अंतरे सारखी नाहीत.

संशोधक विद्यार्थी, मूळ गाव डिचोली

सरांनी वंशवृक्षाबद्दल लिहिलेल्या प्रत्येक शब्दाशी मी सहमत आहे. मात्र एक मतभेद नम्रपणे नोंदवतो. वंशवृक्ष लक्षात घेऊन आणि योग्य घात वापरूनही मेंदूचे वजन हे माप मला अपुरे वाटते, कारण दोन सारख्या वजनाच्या मेंदूंत काय भरलेले आहे हे वजनातून कळत नाही.

ब्राझीलमधील सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि रॉबेर्तो लेंट यांनी २००५ साली चेतापेशी (संदेश वाहणाऱ्या पेशी, म्हणजे न्यूरॉन) मोजण्याची एक सोपी पद्धत प्रसिद्ध केली. त्यापूर्वी मेंदूचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली नमुनादाखल पेशी मोजाव्या लागत आणि मेंदूच्या निरनिराळ्या भागांत पेशींची दाटी फार वेगवेगळी असल्यामुळे ते काम अतिशय किचकट होई. या दोघांनी रसायनाने घट्ट केलेला मेंदूचा भाग साबणासारख्या द्रावणात घोटून पेशींची आवरणे विरघळवली, म्हणजे फक्त केंद्रके शिल्लक राहिली. ते द्रावण ढवळून एकजीव केले की त्याच्या काही थेंबांतील केंद्रके मोजून एकूण संख्या काढता येते. त्यांतील चेतापेशींची केंद्रके ओळखण्यासाठी विशिष्ट प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरतात.

या पद्धतीने आलेली उत्तरे पाहिली म्हणजे वजनावर विसंबणे का धोक्याचे आहे ते ध्यानात येईल. माणसाच्या मेंदूत सरासरी ८६ अब्ज चेतापेशी आढळल्या. त्यांपैकी सुमारे ६९ अब्ज अनुमस्तिष्कात (मागच्या बाजूच्या लहान मेंदूत) आणि सुमारे १६ अब्ज प्रमस्तिष्काच्या बाह्यकात (मोठ्या मेंदूच्या बाहेरील थरात). आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत २५७ अब्ज चेतापेशी निघाल्या, म्हणजे माणसाच्या तिप्पट. परंतु त्यांतील ९७ टक्क्यांहून अधिक अनुमस्तिष्कात होत्या आणि बाह्यकात केवळ ५.६ अब्ज. दक्षिण अमेरिकेतील कॅपिबारा या मोठ्या कृंतकाचा (उंदीर-घुशींच्या गटातील प्राण्याचा) मेंदू साधारण ७५ ग्रॅमचा असून त्यात १.६ अब्ज चेतापेशी आहेत. ऱ्हीसस माकडाचा मेंदू ८७ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वजनाने फारसा वेगळा नाही, पण चेतापेशी मात्र ६.४ अब्ज. कृंतकांत मेंदू मोठा होतो तेव्हा चेतापेशीही सरासरीने मोठ्या आणि विरळ होत जातात. वानरगणात (माकडे, वानरे आणि माणूस यांच्या गटात) तसे फारसे घडत नाही. पक्ष्यांची स्थिती तर याहून बोलकी आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोपट आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या मेंदूंत इतकी दाट वस्ती आढळली, की त्यांच्या अग्रमस्तिष्कातील (मेंदूच्या पुढील भागातील) चेतापेशींची संख्या त्यांच्याहून मोठा मेंदू असलेल्या काही माकडांच्या बरोबरीने किंवा त्याहून अधिक भरली.

तथापि संख्या कळली तरी एक प्रश्न उरतोच. दोन प्राण्यांच्या मेंदूंतील कोणता भाग कोणत्या भागाशी ताडून पाहायचा? हा समजाततेचा, म्हणजे समान पूर्वजाच्या एकाच भागापासून आलेले भाग ओळखण्याचा प्रश्न आहे आणि माझ्या मते या क्षेत्रातील तो सर्वांत कठीण आणि सर्वांत सुंदर प्रश्न आहे. जर्मन शरीररचनातज्ज्ञ लुडविग एडिंगर यांच्या प्रभावामुळे पक्ष्यांच्या अग्रमस्तिष्काचा बहुतेक भाग आपल्या मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रकांसारखा (इथे केंद्रके म्हणजे चेतापेशींचे पुंजके) मानला गेला आणि त्याची नावेही तशीच पडली. नंतर चेतातंतूंची जोडणी, पेशींतील रसायने आणि गर्भावस्थेत सक्रिय होणारी जनुके यांचे पुरावे जमत गेले आणि २००४ च्या सुमारास तज्ज्ञांच्या एका गटाने ही नावे अधिकृतपणे बदलली. आता त्यातील मोठा भाग आपल्या बाह्यकाच्याच गर्भीय पट्ट्यातून, म्हणजे पॅलियममधून आलेला मानतात.

माशांच्या बाबतीत तर जागेवरून अनुमान काढणे फारच फसवे आहे. बहुतेक पृष्ठवंशीयांत गर्भावस्थेतील चेतानलिकेच्या भिंती फुगून आत पोकळी असलेले दोन गोलार्ध तयार होतात. बांगडा किंवा इसवण यांच्यासारख्या किरणपंखी माशांत त्याच भिंती बाहेरच्या बाजूला उलगडतात. त्यामुळे आपल्याकडे जो भाग आतल्या कडेला असतो, त्याच्याशी जुळणारा भाग माशात बाहेरच्या कडेला शोधावा लागतो. मोरीमध्ये असे उलगडणे होत नाही. मुलांनी बांगडा आणि मोरी यांचे अग्रमस्तिष्क शेजारी ठेवून ‘हा भाग इथे मोठा आहे’ असे लिहिले, तर ते दोन वेगळ्या भागांची तुलना करत असण्याचा संभव आहे.

गेल्या दशकात या कोड्यावर नवे साधन हाती आले आहे, ते म्हणजे एकेका पेशीतील सक्रिय जनुकांची नोंद घेणे. हजारो पेशींची अशी नोंद झाली की त्यांचे प्रकार पडतात आणि मग प्रकारांची तुलना जातीजातींमध्ये करता येते. २०१८ साली कासव आणि सरडा यांच्या पॅलियमवर झालेल्या अशा अभ्यासात असे दिसले, की स्मृतीशी निगडित हिपोकॅम्पसच्या काही भागांचे आणि संदेश दाबून धरणाऱ्या चेतापेशींचे प्रकार सस्तन प्राण्यांशी जुळतात, म्हणजे ते फार प्राचीन आहेत. परंतु आपल्या बाह्यकाच्या सहा थरांतील उत्तेजक चेतापेशींना तिथे सरळ एकास एक जोडीदार सापडत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्याच्या मेंदूवर सस्तन मेंदूचा नवा मजला चढवला गेला, ही लोकप्रिय कल्पना यातून मोडते. जुन्या पेशीप्रकारांत फेरफार झाले, काही नवे आले, आणि हे सर्व मेंदूभर मिसळून घडले.

क्ष-किरण तज्ज्ञ, पणजी

मी उत्क्रांतीचा अभ्यासक नाही, पण रोज कवट्यांच्या प्रतिमा पाहतो आणि शिक्षिकाबाईंचा ‘मेंदू कुजतो, मग कळते कसे’ हा प्रश्न माझ्या आवडीचा आहे.

मेंदू कुजतो, मात्र पुष्कळ प्राण्यांत कवटीच्या आतल्या भिंतीवर त्याचा ठसा राहतो. कधी त्या पोकळीत गाळ भरून दगड होतो आणि निसर्गच साचा तयार करतो. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेतील ताउंग येथील खाणीत मिळालेल्या बालकाच्या कवटीसोबत असाच नैसर्गिक साचा होता आणि रेमंड डार्ट यांनी त्यावरून १९२५ साली ऑस्ट्रॅलोपिथेकस या मानवसदृश प्राण्याची ओळख जगाला करून दिली. या अभ्यासाला शास्त्र म्हणून उभे केले ते टिली एडिंगर यांनी. वर ज्या लुडविग एडिंगरांचा उल्लेख आला, त्यांच्याच त्या कन्या. फ्रँकफर्टच्या संग्रहालयात काम करणाऱ्या या ज्यू विदुषीला नाझी राजवटीमुळे १९३९ साली देश सोडावा लागला. पुढे अमेरिकेत हार्वर्ड येथे त्यांनी घोड्यांच्या जीवाश्म कवट्यांचा अभ्यास पूर्ण केला आणि १९४८ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी आजच्या प्राण्यांची रांग लावून भूतकाळ कल्पिला नाही; खडकांच्या थरांतील काळाच्या क्रमाने प्रत्यक्ष साचे पाहिले, आणि मेंदूतील बदल शरीरातील बदलांच्या बरोबरीने, एकाच वेगाने होत नाहीत, असे त्यांना आढळले.

आज कवटी फोडण्याची गरज उरलेली नाही. सीटी स्कॅनने आतली पोकळी संगणकावर उभी करता येते. लंडनच्या संग्रहालयातील आर्किऑप्टेरिक्सच्या कवटीचे असे चित्रण २००४ साली प्रसिद्ध झाले आणि त्या प्राचीन पक्ष्याचा दृष्टीशी संबंधित भाग चांगला वाढलेला होता, असे त्यातून दिसले.

या पद्धतीची मर्यादाही मुलांना सांगावी. पक्षी आणि सस्तन प्राणी यांचा मेंदू कवटी जवळजवळ भरून टाकतो, म्हणून साचा विश्वासार्ह ठरतो. माशांत आणि अनेक सरपटणाऱ्या प्राण्यांत तसे नसते. सीलाकँथ या खोल समुद्रातील माशाच्या प्रौढ अवस्थेत मेंदू त्या पोकळीचा जेमतेम १ टक्का व्यापतो. बाकी जागा मुख्यतः चरबीने भरलेली असते. त्याच्या पोकळीवरून मेंदूचे आकारमान काढणारा पुरता फसेल. शिवाय साचा केवळ बाहेरचा आकार देतो. आतील जोडणी आणि पेशी यांचा त्यात मागमूस नसतो.

शिक्षिका, फोंडा

आपणा सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. हे सर्व मुलांना वाचून दाखवल्यावर त्यांची पहिली प्रतिक्रिया निराशेची होती, पण नंतर एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. तिचे म्हणणे असे, की संपूर्ण मेंदूची तुलना सोडून दिली आणि ‘सांगटाला मिशा आहेत, बांगड्याला नाहीत, तर मिशांचे काम सांभाळणारा मेंदूचा भाग सांगटात मोठा असतो का?’ एवढेच विचारले, तर ते चालेल का? आणि प्राध्यापक महोदय, वजनाविषयी डिचोलीच्या संशोधकांनी घेतलेल्या आक्षेपावर आपले मत काय?

निवृत्त प्राध्यापक, मडगाव

त्या विद्यार्थिनीला माझे आशीर्वाद सांगा. तिने प्रकल्प वाचवला आहे.

आधी आक्षेपाबद्दल. चेतापेशींची संख्या अधिक बोलकी असते, हे मला मान्य आहे. परंतु आकारमानाच्या मोजमापांनी या शास्त्राला त्याचा एक मोठा वाद दिला, हे विसरू नये. हाइन्झ श्टेफान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे कष्ट करून सस्तन प्राण्यांच्या मेंदूंतील वेगवेगळ्या भागांची आकारमाने मोजली. त्या माहितीवरून बार्बरा फिनले आणि रिचर्ड डार्लिंग्टन यांनी १९९५ साली १३१ जातींच्या आधारे दाखवले, की मेंदूचे बहुतेक भाग एकत्र वाढतात आणि गर्भावस्थेत ज्या भागाच्या चेतापेशी उशिरा तयार होतात, तो भाग मोठ्या मेंदूंत विशेष मोठा होतो. रॉबर्ट बार्टन आणि पॉल हार्वी यांनी २००० साली याला उत्तर देताना दाखवले, की परस्परांशी जोडलेले भाग इतर भागांपासून स्वतंत्रपणेही बदलतात. आज दोन्ही गोष्टी कमी-अधिक प्रमाणात खऱ्या मानल्या जातात. माहिती आणि विश्लेषण यांवर निष्कर्ष किती अवलंबून असतो, याचे आणखी एक उदाहरण देतो. रॉबिन डनबार यांनी १९९२ साली वानरगणात नवबाह्यकाचे (सस्तन प्राण्यांच्या बाह्यकातील सहा थरांच्या भागाचे) प्रमाण आणि कळपाचा आकार यांचा संबंध दाखवला आणि तो फार गाजला; २०१७ साली १४० हून अधिक जाती आणि त्यांचा वंशवृक्ष घेऊन झालेल्या अभ्यासात मेंदूच्या आकाराशी कळपापेक्षा आहाराचा संबंध अधिक ठळक निघाला. वाद अजून मिटलेला नाही, आणि मुलांना तो तसाच सांगावा.

आता सांगटाकडे. त्याच्या मिशांवर आणि अंगाच्या त्वचेवरही चव ओळखणारी इंद्रिये असतात. मांडवी-जुवारीच्या गढूळ मुखांत चिखलाजवळ अन्न शोधणाऱ्या माशाला डोळ्यांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक. या बाहेरच्या चवीचे संदेश सातव्या मस्तिष्क-चेतेतून मेंदूच्या मागील भागात येतात आणि तिथे अनुमस्तिष्काच्या मागे त्यांची खास पालि (मेंदूचा फुगीर खंड) फुगलेली दिसते. आता तुलनेसाठी रोहू घ्या. तो कार्प कुळातील. तोंडात घेतलेल्या घासातून अन्न आणि चिखल वेगळे करण्यासाठी कार्प माशांच्या टाळूवर एक विशेष अवयव असतो. त्याचे संदेश दहाव्या चेतेतून येतात, म्हणून कार्पमध्ये त्या चेतेची पालि मोठी असते. सांगट आणि रोहू हे एकाच मोठ्या गटातील असूनही चवीसाठी त्यांनी मेंदूचे दोन निरनिराळे भाग वाढवले आहेत. बांगड्यात या दोन्ही पालि लहान असून दृष्टीच्या पालि ठळक दिसतील. प्रश्न नेमका असला की डोळ्यांनाही उत्तर दिसते, ते असे.

दुसरी जोडी बांगडा आणि इसवण यांची घ्यावी. कूळ एकच, पण बांगडा प्लवक गाळून खातो आणि इसवण इतर माशांचा पाठलाग करतो. घ्राणकंद (वासाचे संदेश घेणारा भाग), दृष्टीच्या पालि आणि अनुमस्तिष्क यांत फरक दिसतो का, ते पाहावे. फरक दिसला तरी एका जोडीवरून नियम सांगू नये. तशा अनेक स्वतंत्र जोड्या लागतात. मोरी यातून वगळावी, असे मी सुचवतो. ती फार दूरची आहे आणि मोरीच्या काही जाती आता वन्यजीव कायद्याने संरक्षित असल्यामुळे विनाकारण अडचण नको.

संशोधक विद्यार्थी, मूळ गाव डिचोली

सरांच्या जोड्यांवर माझा आक्षेप राहत नाही. मोजण्याविषयी काही सूचना देतो.

मेंदू बाहेर काढून तोलण्यापेक्षा कवटीचे छत उतरवून तो जागच्या जागी ठेवावा आणि वरून व बाजूने छायाचित्रे घ्यावीत. चौकटीत मोजपट्टी अवश्य असावी. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर वापरून प्रत्येक पालीची लांबी, रुंदी आणि उंची काढता येते. या तीन मापांचा गुणाकार करून त्याला पायच्या सहाव्या भागाने गुणले की लंबगोल समजून अंदाजे आकारमान मिळते. पूर्व आफ्रिकेतील सरोवरांतल्या सिक्लिड माशांच्या १८९ जातींवर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही पालींची आकारमाने अशाच बाह्य मापांवरून काढली होती, तेव्हा साधी म्हणून ही पद्धत कमी प्रतीची ठरत नाही. एखाद्या पालीचे प्रमाण काढताना तिला संपूर्ण मेंदूने भागू नये, कारण ती पालि त्या मेंदूतच मोजली गेलेली असते. उरलेल्या मेंदूने भागावे.

मासा ताजा हवा. बर्फात काही दिवस राहिलेल्या माशाचा मेंदू लोण्यासारखा सुटतो आणि त्याच्या कडा दिसत नाहीत, म्हणून पहाटे उतरलेली मासळी घ्यावी. प्रयोगशाळांत ऊती घट्ट करण्यासाठी फॉर्मेलिन वापरतात, पण शाळेत ते टाळावे. ते घातक आहे. २०१८ साली मासळीतील फॉर्मेलिनवरून गोव्यात केवढी खळबळ उडाली होती, हे आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. शिवाय त्यात ठेवल्यावर मेंदूचे वजन आणि आकारमान बदलते, त्यामुळे काही मासे ताजे आणि काही फॉर्मेलिनमधले अशी तुलना निरर्थक होते.

प्रत्येक जातीचे शक्य तितके सारख्या लांबीचे प्रौढ मासे घ्यावेत आणि एकच छायाचित्र दोन विद्यार्थ्यांनी परस्परांचे आकडे न पाहता मोजावे. त्या दोघांच्या आकड्यांतील फरक आधी काढावा. दोन जातींमधील फरक त्याहून स्पष्टपणे मोठा असेल तरच तो तक्त्यात लिहावा, आणि मूळ छायाचित्रे मोजपट्टीसह प्रदर्शनात लावावीत, म्हणजे पाहणाऱ्याला शंका आली तर तो तिथेच पुन्हा मोजू शकेल.